आबांच्या लघवीतून रक्त गेलं आणि आपोआप थांबलं, तरी तपासणी का करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. आबांचं वय ५८. इचलकरंजीत कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसमध्ये वीस वर्षं नोकरी केली, आता गावाकडं ऊस बघतात. विडी तरुणपणापासून ओढतात. गेल्या महिन्यात दोन दिवस लघवी लालभडक झाली. दुखलं नाही, जळजळ नाही, ताप नाही. गावातल्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि लघवी स्वच्छ झाली. परवा सकाळी पुन्हा एकदा लाल झाली आणि संध्याकाळपर्यंत आपोआप थांबली. सोनोग्राफी नॉर्मल आली. घरचे म्हणतात उन्हाळी लागली आहे, धन्याचं पाणी द्या. आबा म्हणतात, "मला काय झालंय?" आणि तुम्ही विचारता की एवढ्यासाठी दुर्बिणीतून तपासायची खरंच गरज आहे का.

हो, गरज आहे. आणि ती या आठवड्यात करा, ऊस कारखान्याला गेल्यावर नको.

मी कोल्हापुरात गेली पंचवीस वर्षं मूत्ररोगांवर शस्त्रक्रिया करतो. लघवीतून रक्त आलेला पेशंट माझ्याकडं रोज असतो. त्यातल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो, हे आधीच सांगतो म्हणजे तुमची झोप उडायची नाही. पण एका प्रकारच्या रक्ताला मी फार मान देतो. ते दुखत नाही, जळजळत नाही, येतं आणि स्वतःहून थांबतं. तुम्ही लिहिलंय ते नेमकं तेच आहे. मध्यम वय ओलांडलेल्या माणसाच्या लघवीत डोळ्यांना दिसेल असं रक्त आलं, तर दहांतल्या एक-दोघांच्या मूत्राशयात किंवा मूत्रपिंडात गाठ सापडते. म्हणजे आठ-नऊ जणांत सापडत नाही. पण आबा त्या आठात आहेत की दोनात, हे घरी बसून कुणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही.

थांबलेल्या रक्तानं माणूस फसतो कसा, ते आधी समजून घ्या. मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर जी गाठ सुरू होते, ती पुष्कळदा विहिरीतल्या शेवाळासारखी असते. बारीक देठ आणि त्यावर नाजूक तंतू, प्रत्येक तंतूत एक कोवळी रक्तवाहिनी. मूत्राशय भरताना आणि रिकामं होताना एखादा तंतू तुटतो, रक्त येतं. मग त्या जागी रक्त गोठतं, छिद्र बंद होतं, लघवी परत स्वच्छ होते. पुढचा तंतू तुटेपर्यंत आठवडा जाईल, चार महिने जातील. दरम्यान तुम्ही जे काही केलेलं असेल, गोळ्या, धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळ्याचं पाणी, देवाला नारळ, त्या सगळ्याला यश मिळालेलं असतं. गाठ मात्र जागेवर असते आणि वाढत असते.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक गोष्ट सांगतो. ती मला अजून टोचते. गुऱ्हाळावर काम करणारे एक गृहस्थ, पन्नाशी ओलांडलेले. तपासलेल्या लघवीत थोडा पू होता, म्हणून मी इन्फेक्शनच्या गोळ्या दिल्या आणि "परत लाल झाली तर या" म्हणालो. गोळ्यांनी लघवी स्वच्छ झाली. नंतर दोनदा लाल झाली, पण प्रत्येक वेळी एका दिवसात थांबली, म्हणून ते आले नाहीत. चौदा महिन्यांनी आले तेव्हा गाठ मूत्राशयाच्या स्नायूत शिरलेली होती आणि पूर्ण मूत्राशय काढावं लागलं. मी त्या पहिल्या दिवशी "लाल झाली तर या" असं म्हणायला नको होतं. "लघवी स्वच्छ झाली तरी या" असं म्हणायला हवं होतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक चिठ्ठीवर मी हेच लिहितो.

आता उन्हाळीबद्दल. आपल्याकडं लघवी जळजळली, थेंब-थेंब झाली की उन्हाळी लागली म्हणतात. चैत्र-वैशाखात रानात दिवसभर राबून पाणी कमी पोटात गेलं की लघवी घट्ट होते, पिवळीजर्द होते आणि जाताना चुरचुरते. हे खरं आहे, आणि धन्याचं पाणी प्यायल्यानं बरं वाटतं तेही खरं आहे, कारण पाणी पोटात जातं. पण उष्णतेनं रक्तवाहिनी फुटून लघवीत रक्त उतरत नाही. गर्द पिवळी लघवी आणि लाल लघवी यांत फरक आहे. तांबड्या रश्श्यालाही दोष देऊ नका. मिरचीचा रंग लघवीत उतरत नाही. बीट खाल्ल्यावर काही जणांची लघवी गुलाबी होते, आणि टीबीच्या रिफाम्पिसिनच्या गोळीनं ती केशरी होते, पण एक-दोन दिवसांत कारण सापडतं आणि तपासणीत लाल पेशी नसतात. म्हणून पहिली पायरी कुणाच्याही बाबतीत एकच. लघवीची रुटीन आणि मायक्रोस्कोपी. सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखाली एका क्षेत्रात तीन किंवा त्याहून जास्त लाल पेशी दिसल्या तर रक्त आहे असं धरायचं. नुसती रंगाची पट्टी बुडवून 'रक्त आहे' म्हणणं पुरेसं नाही, कारण पट्टीला लाल पेशीही दिसतात आणि पेशी नसताना विरघळलेलं हिमोग्लोबिन किंवा स्नायूंतलं मायोग्लोबिनही दिसतं. आणि नमुना ताजा द्या. सकाळी घरी धरून दुपारी एसटीतून आणलेल्या बाटलीत पेशी फुटून गेलेल्या असतात.

मायोग्लोबिन हा शब्द तुम्हाला नवा असेल, पण कोल्हापूरच्या तालमींत त्याचा संबंध येतो म्हणून थोडा थांबतो. एखादा पैलवान तीन-चार महिने आखाड्यापासून दूर राहिला, आणि खासबागेतल्या कुस्तीची तारीख जवळ आली म्हणून परत आल्याच्या पहिल्याच दिवशी त्यानं हजार बैठका मारल्या, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या होतात आणि लघवी कोऱ्या चहासारखी येते. घरचे म्हणतात रक्त आलं. पट्टीही रक्त सांगते. पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी नाहीत. ते फुटलेल्या स्नायूंतलं द्रव्य असतं आणि ते मूत्रपिंडाच्या नलिकांत अडकून मूत्रपिंड बंद पाडू शकतं. असा पोरगा दिसला तर त्याला "पाणी पी, विश्रांती घे" म्हणून घरी बसवू नका, त्याच दिवशी दवाखान्यात आणा. सलाईनवर तो बहुधा पूर्ण सुधारतो. उशीर झाला तर डायलिसिस लागतं.

तशीच दुसरी गडद लघवी आपल्या उसाच्या भागातली. उसाच्या सरीत घोणस पायाला डसली, तर तिच्या विषानं रक्त गोठायची ताकदच जाते. हिरड्यांतून रक्त, जखमेतून रक्त आणि लघवीतून रक्त. तिथं रक्ताचा रंग बघत बसायचं नसतं, मांत्रिकाकडंही जायचं नसतं. सरळ जिथं सर्पदंशाची लस आहे तिथं, म्हणजे सीपीआर (कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं ग्रामीण रुग्णालय. तिथले डॉक्टर कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त वीस मिनिटं ठेवून बघतात, ते गोठलं नाही तर विष शरीरात पसरलंय हे कळतं. पुराच्या दिवसांत, २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी घरात शिरलं तेव्हा जसं झालं, त्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू असतात. कडक ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणं, लाल डोळे आणि मग काविळीसह कमी झालेली, गढूळ किंवा लाल लघवी, असा त्याचा क्रम असतो. तिथंही वेळ महत्त्वाची. पण हे सगळं आबांचं नाही. आबांना ताप नाही, दंश नाही, कष्टाचा अतिरेक नाही.

आबांच्या वयात आणि त्यांच्या इतिहासात काय काय असू शकतं, तिकडं वळू.

सगळ्यात आधी विडी आणि रंग. तंबाखूच्या धुरातली घातक द्रव्यं फुफ्फुसातून रक्तात जातात, मूत्रपिंडं ती गाळून लघवीत टाकतात आणि मग ती लघवी तासन्‌तास मूत्राशयात साठून राहते. ते द्रव्य ज्या अस्तरावर बसतं तेच अस्तर कालांतरानं बिघडतं. मूत्राशयाच्या कर्करोगापैकी साधारण निम्म्यांच्या मुळाशी धूम्रपान असतं, आणि माझ्या ओपीडीत तर विडीशिवायचा असा पुरुष पेशंट क्वचितच येतो. रंगाचं म्हणाल तर हे नातं १८९५ साली फ्रँकफर्टच्या रेन नावाच्या सर्जननं सांगितलं. अॅनिलीन रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत त्याला मूत्राशयाच्या गाठी जास्त दिसल्या. पुढं बेंझिडिनसारखी काही रसायनं दोषी ठरली आणि त्यांच्यावर बंदी आली. आबांनी नेमके कोणते रंग हाताळले ते मी सांगू शकत नाही, आणि त्यांना आज त्यामुळं घाबरवूही इच्छित नाही. पण ही रसायनं शरीरावर काम करून वीस-तीस वर्षांनी परिणाम दाखवतात, म्हणून "नोकरी सोडून दहा वर्षं झाली" हे उत्तर पुरत नाही. दवाखान्यात गेल्यावर त्यांनी कोणत्या खात्यात, किती वर्षं, हातमोजे वापरून की नाही, हे सगळं सांगा. पुष्कळ डॉक्टर विचारत नाहीत आणि पेशंट सांगत नाही.

दुसरं, प्रोस्टेट. पन्नाशीनंतर पुरुषांची ही ग्रंथी मोठी होत जाते. तिच्यावरच्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त येऊ शकतं. सोबत रात्री तीन-चार वेळा उठणं, धार बारीक होणं, लघवी सुरू व्हायला उभं राहावं लागणं, शेवटी थेंब गळणं अशा तक्रारी असतात. आबांना त्या आहेत का विचारा. पण एक धोक्याची सूचना. प्रोस्टेट मोठी दिसली म्हणून रक्त प्रोस्टेटचंच, असं गृहीत धरायचं नाही. साठीच्या आसपास ती बहुतेकांची थोडी मोठी असते, आणि त्याच माणसाच्या मूत्राशयात गाठही असू शकते. प्रोस्टेटला दोष देण्याआधी बाकी सगळं बघून घ्यायचं असतं.

तिसरं, मूतखडा. आमच्या भागात मूतखडे फार. कडक ऊन, रानात तासन्‌तास काम आणि कमी पाणी. खडा मूत्रवाहिनीत, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात येणाऱ्या नळीत, अडकला की कमरेपासून जांघेपर्यंत कळ येते, माणूस गडाबडा लोळतो, उलटी होते आणि लघवी लालसर येते. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा पाणी आणि वेळ मिळाला की स्वतःहून पडतात. पानफुटीचा पाला आणि हुलग्याचं कढण घरोघरी देतात. कढणातून पाणीच जास्त जातं, त्यात वाईट काही नाही, पण मोठा, अडकलेला खडा त्यानं विरघळत नाही आणि महिनोन्‌महिने वाट बघत बसल्यानं त्या बाजूचं मूत्रपिंड कायमचं निकामी होऊ शकतं. आणि खडा अडकलेला असताना थंडी वाजून ताप आला, तर ती रात्रीच दवाखान्यात धावायची वेळ आहे. आबांना मात्र दुखलं नाही. मूत्रपिंडातला न हललेला खडाही न दुखता रक्त देऊ शकतो, पण सोनोग्राफीत तो बहुधा दिसला असता. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. खडा दिसला की शोध थांबवायचा नाही. मी दोन-तीनदा असे पेशंट बघितलेत ज्यांच्या मूत्रपिंडातल्या छोट्या खड्यानं सगळ्यांचं लक्ष खाल्लं आणि मूत्राशयातली गाठ तशीच राहिली.

चौथं, इन्फेक्शन. पुरुषांत ते बायकांइतकं सहज होत नाही. झालं की सहसा काहीतरी अडथळा, खडा किंवा प्रोस्टेट मागे असते. जळजळ, वारंवार, थेंब-थेंब, वास, ताप, गढूळ लघवी. यातलं आबांना काही नव्हतं, म्हणून मला पहिल्या दिवसाच्या गोळ्या पटत नाहीत. गोळ्या देण्याआधी लघवीचं कल्चर (जंतू उगवून बघायची तपासणी) घ्यावं, आणि इन्फेक्शन सिद्ध झालं तरी ते बरं झाल्यावर लघवीची तपासणी परत करावी. तेव्हाही रक्त असेल तर पुढं जावं.

पाचवं, टीबी. किडनीचा टीबी आपल्या देशात आजही भेटतो आणि तो फार हळू, फार फसवा असतो. महिनोन्‌महिने लघवीला वारंवार जाणं, रात्रीही, अधूनमधून रक्त, लघवीत पू आहे पण साध्या कल्चरमध्ये जंतू उगवत नाहीत, गोळ्यांच्या कोर्सनं थोडं बरं आणि परत जैसे थे. असं असेल तर सकाळची पहिली लघवी सलग तीन दिवस टीबीसाठी द्यावी लागते. इन्फेक्शन म्हणून दिल्या जाणाऱ्या लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्या टीबीलाही काही दिवस दाबतात आणि निदान पुढं ढकलतात, म्हणून त्या सारख्या बदलून देऊन बघत बसू नये. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत आणि रोग बरा होतो. पण निदान उशिरा झालं, तर मूत्राशय आकसून अंगठ्याएवढं होतं आणि मग पुढचं आयुष्य दर अर्ध्या तासाला उठण्यात जातं.

ज्याला अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉर्फरिन चालू आहे, त्याचं घर लगेच म्हणतं, "रक्त पातळ करायची गोळी आहे ना, मग येणारच." गोळी रक्त सुरू करत नाही, आधीच असलेल्या नाजूक जागेला उघडं पाडते. अशा माणसाची तपासणी इतरांइतकीच कसून करायची. आणि हृदयाची गोळी स्वतःहून बंद करायची नाही, ती ज्यांनी सुरू केली त्यांनाच विचारायचं.

या ठिकाणी एक वेगळी गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण ती आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली आहे. आफ्रिकेत आणि इजिप्तमध्ये गोड्या पाण्यातल्या गोगलगायींतून एक कृमी माणसाच्या अंगात शिरते आणि मूत्राशयात घर करते, त्यातून रक्त येतं. आपल्या देशात हा रोग जवळपास नाहीच. अपवाद म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५२ साली त्याचं एक केंद्र नोंदवलं गेलं. आबांच्या बाबतीत हे संभवत नाही. पण तुमच्या ओळखीत कुणी आफ्रिकेत काही वर्षं नोकरी करून आलेला असेल आणि त्याला असा त्रास होत असेल, तर तो प्रवास डॉक्टरांना सांगा.

आता मूत्रपिंडाच्या गाळणीतून येणारं रक्त. हा रस्ता वेगळा आणि डॉक्टरही वेगळा. गाळणीला सूज आली की लघवी लालपेक्षा कोऱ्या चहासारखी, फेसाळ आणि रक्ताच्या गाठी नसलेली येते. सकाळी डोळ्यांखाली आणि पायांवर सूज, रक्तदाब वाढलेला, लघवीत प्रोटीन. लहान पोरांना घसा दुखला की एक ते तीन आठवड्यांनी, आणि पावसाळ्यात अंगावर पूयफोड आले की तीन ते सहा आठवड्यांनी हे होऊ शकतं. ते बघून आईवडील घाबरतात, पण बहुतेक पोरं पूर्ण बरी होतात, फक्त रक्तदाब सांभाळावा लागतो. तरुणांत सर्दी-घसा सुरू होताच एक-दोन दिवसांत लघवी लाल होत असेल, तर दुसरा एक आजार मनात आणावा लागतो. यातल्या कुणालाही दुर्बिणीची नव्हे, मूत्रपिंडतज्ज्ञाची गरज असते. म्हणून आबांच्या लघवीतलं प्रोटीन आणि रक्तातलं क्रिएटिनीन (मूत्रपिंड कसं काम करतंय ते यावरून कळतं) तपासल्याशिवाय मी पुढं जाणार नाही.

बायकांबद्दल मला थोडं रागावून लिहावं लागतं, क्षमा करा. लघवीतलं रक्त दिसलं की बाईला "इन्फेक्शन" म्हणून गोळ्या दिल्या जातात, दुसऱ्यांदा दिल्या जातात, पाचव्यांदाही दिल्या जातात, आणि एकदाही कल्चर होत नाही. गेल्या वर्षी साठी ओलांडलेल्या एक आजी आल्या. वर्षभरात सहा कोर्स झाले होते, एकही कल्चर नव्हतं, आणि मूत्राशयात लिंबाएवढी गाठ होती. त्या मिश्री लावायच्या, विडी ओढत नव्हत्या, म्हणून सगळ्यांनी शंका नाही असं ठरवलं. धूम्रपान न करणाऱ्यालाही हा रोग होतो. पाळी सुरू असलेल्या बाईनं नमुना देताना पाळीचे दिवस टाळावेत, नाहीतर रक्त कुठलं ते कळत नाही, आणि पाळी गेलेल्या बाईला "रक्त कुठून येतंय" हे नीट विचारावं, लघवीतून की अंगावरून, कारण दोन्हीचे डॉक्टर वेगळे. घरात सासू, आई, मावशी कुणी असेल तर हे त्यांनाही सांगा. लाजेनं त्या सांगत नाहीत, साडीवरचा डाग लपवतात.

रक्त कुठून येतंय याचा अंदाज घरी कसा करायचा, ते सांगतो. उपयोगी गोष्ट आहे, पण त्यावर निदान ठरवू नका. लघवी सुरू होताना लाल आणि मग स्वच्छ, तर वाट मूत्रमार्गातून. शेवटी-शेवटी लाल, तर मूत्राशयाचं तोंड किंवा प्रोस्टेट. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळीच लाल, तर मूत्राशय किंवा त्यावरचं. गाळणीच्या आजारात रक्ताच्या गाठी येत नाहीत. गाठी आल्या तर रक्त मूत्रवाहिनीतून किंवा मूत्राशयातून येतंय. आणि गांडुळासारख्या लांब, बारीक गाठी आल्या, तर त्या बहुधा मूत्रवाहिनीत तयार होऊन खाली येतात. आबांना विचारा, सगळी लाल होती का, गाठी होत्या का. त्यांनी लक्ष दिलं नसेल तर पुढच्या वेळी एका स्वच्छ पांढऱ्या वाटीत धरून बघायला सांगा आणि मोबाइलमध्ये फोटो काढा. फोटो मला फार उपयोगी पडतो, पेशंटच्या "थोडं तांबूस" या शब्दांपेक्षा जास्त.

आणि आता सोनोग्राफी नॉर्मल आहे, मग दुर्बीण कशाला, हा तुमचा मुख्य प्रश्न. सोनोग्राफी मूत्रपिंड, मोठे खडे आणि मोठ्या गाठी छान दाखवते. पण पाच मिलिमीटरची गाठ, मूत्राशयाच्या तोंडाशी बसलेली गाठ, चपटा लाल डाग, यातलं काही तिला बहुधा दिसत नाही. मूत्रवाहिनीचा मधला भाग आतड्यातल्या हवेमागं झाकला जातो. आणि ती तपासणी लघवी दाबून केली होती का? रिकाम्या मूत्राशयावर केलेल्या सोनोग्राफीचा मूत्राशयाविषयीचा निष्कर्ष मी वाचतच नाही. तुमच्या रिपोर्टवर मूत्राशय पुरेसं भरलं होतं असं लिहिलंय का बघा. नसेल तर तो रिपोर्ट अर्धाच आहे.

दुर्बीण म्हणजे मूत्रमार्गातून बारीक कॅमेरा आत. नळी आत जाण्याआधी मार्गात सुन्न करणारी जेली घालतात. पाच-दहा मिनिटं लागतात. बहुतेक पुरुष म्हणतात, विचित्र वाटलं पण दुखलं नाही. एक-दोन दिवस लघवीला चुरचुर आणि थोडी लालसर छटा राहते, जास्त पाणी प्यायला सांगतो. पेशंट त्याच दिवशी घरी जातो. मूत्राशयाचं अस्तर जसं आपल्या डोळ्यांनी दिसतं, तसं दुसऱ्या कशानं दिसत नाही. सोबत मूत्रपिंड ते मूत्राशय पूर्ण वाट बघायला रंगद्रव्य देऊन सीटी स्कॅन, तोही क्रिएटिनीन ठीक आहे हे बघूनच. लघवीतल्या पेशींची तपासणीही करतो, पण ती नॉर्मल आली म्हणून दुर्बीण टाळत नाही, कारण कमी तीव्रतेच्या गाठीत ती अनेकदा नॉर्मल येते.

आणि समजा गाठ सापडलीच, तर पुढं काय? हे मी आजच लिहितो, कारण लोक तपासणीला ज्या भीतीनं येत नाहीत ती याच गोष्टीची असते. निदानाच्या वेळी या गाठींपैकी साधारण चारातल्या तीन फक्त अस्तरावर असतात, स्नायूत नसतात. त्या दुर्बिणीतूनच, पोट न फाडता खरवडून काढतात. त्यातल्या काहींना नंतर मूत्राशयात बीसीजीचे डोस देतात, तीच टीबीची लस, जी शरीराला त्या पेशींविरुद्ध जागं करते. १९७६ साली हा उपाय पहिल्यांदा नोंदवला गेला. या गाठी परत येण्याची सवय मात्र फार वाईट, म्हणून तीन-तीन महिन्यांनी दुर्बिणीतून बघत राहावं लागतं, पेशंटनं आणि डॉक्टरनं दोघांनी चिकाटी ठेवावी लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातल्या बऱ्याच शस्त्रक्रिया बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन सीपीआरच्या किंवा योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला आधी भेटा, खर्चाची चिंता करून घरी थांबू नका.

दुर्बिणीत काही नाही निघालं तर? बहुतेक वेळा तसंच होतं. मग लघवी परत तपासतो, रक्तदाब आणि क्रिएटिनीन बघतो, आणि पुन्हा डोळ्यांना दिसेल असं रक्त आलं तर तीच तपासणी परत करतो. "मागच्या वेळी नॉर्मल आलं होतं" हे कारण तेव्हा चालत नाही.

कधी वाट बघायची नाही, तेही सांगून ठेवतो. लघवी अडली आणि ओटीपोट फुगलं, तर रक्ताच्या गाठीनं वाट बंद केलेली असते, तेव्हा नळी घालून गाठी धुवाव्या लागतात. थंडी वाजून ताप, चक्कर, लघवी अगदी कमी होणं, गर्भवती बाईला रक्त येणं, पाठीला मार बसल्यावर रक्त येणं, या सगळ्यांत रात्र असो की दिवाळी, निघा.

आबांना घेऊन येताना हे करा. आधीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं किंवा चिठ्ठी, फोटो असेल तर तो, आणि ज्या प्रोसेस हाऊसमध्ये काम केलं तिथलं खातं आणि सालं एका कागदावर लिहून आणा. सकाळी लघवी करून निघू नका, येताना दोन तांबे पाणी पाजून दाबून आणा, म्हणजे इथं आल्या-आल्या ताजा नमुना आणि भरलेल्या मूत्राशयाची सोनोग्राफी दोन्ही होतील. विडी आजच सोडायला सांगा, पण त्यावरून घरी भांडू नका, नाहीतर ते दवाखान्यातच येणार नाहीत. आणि आबांना मी लिहिलेलं वाचून दाखवायचं असेल तर गुऱ्हाळवाल्यांची गोष्ट तेवढी दाखवा. बाकीचं मी समोर बसून सांगेन.